प्रेरणेचे खाते

बारावीचा निकाल लागला की काही घरांत हल्ली एक नवा वाद सुरू होतो. मुलगी म्हणते, मला फॅशन डिझाईनला जायचे आहे. आईला वाटते, ब्लाऊज शिवायला शिकण्यासाठी एवढी फी कशाला? वडिलांचा समज असा, की हे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतले खूळ. या दोघांची समजूत घालणाऱ्या मुलीच्या मनात मात्र वेगळीच धास्ती असते. आपली चित्रांची वही पाहून उद्या कोणी विचारले, 'ही कल्पना तुला कुठून सुचली?' तर सांगायचे काय?

लहान गावातल्या मुलीला ही धास्ती जरा जास्तच. गणपतीपुळे, मालगुंड ओलांडून उत्तरेला गेले की शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड लागते. खाडीवर नजर ठेवून बसलेला जुना किल्ला, दीपगृह, मासेमारीच्या होड्या, पलीकडे तवसाळला नेणारी फेरीबोट आणि २००९ मध्ये सुरू झालेले मोठे व्यापारी बंदर. इथल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. पानोपानी उंच, सडपातळ, परदेशी चेहऱ्याच्या बायका आणि त्यांच्या अंगावर मोबाईलवर पाहिलेले झगे. रेघ मोठी सुरेख होती. मी विचारले, "यात जयगड कुठे आहे गं?" ती हसून म्हणाली, "काकू, आमच्या गावात बघण्यासारखं आहे काय? किल्ला, मासळी आणि पाऊस."

किल्ला, मासळी आणि पाऊस! एवढे भांडवल घरात असताना ही मुलगी हात पसरायला पॅरिसपर्यंत गेली होती.

मी या क्षेत्रातली जाणकार नव्हे. उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीकाराला वाचक विचारतात, 'सुचतं कुठून?' बँकेत आम्ही अर्जदाराला विचारत असू, 'भांडवल कुठून आणणार?' आता वाटते, हे दोन्ही प्रश्न एकाच घरचे आहेत. नवे काही करणारा माणूस कुणाचे तरी भांडवल वापरतच असतो. ते कुठे पडलेले असते, कसे ओळखावे आणि वापरल्यावर कुणाच्या नावे जमा करावे, एवढेच आज पाहू.

सुरुवात पावसापासूनच करू. कोकणात भातलावणीच्या दिवसांत पूर्वी शेताशेतांत इरली दिसत. बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा आणि त्यावर दाट बसवलेली मोठी पाने. पळसाची, कुंभ्याची, ज्या भागात जी मिळतील ती. आकार उलट्या घातलेल्या अर्ध्या होडीसारखा. ते डोक्यावर अडकवले की पाठ कमरेपर्यंत झाकली जाते. हा आकार असाच का, हे मला शहाणपणाच्या पुस्तकात सापडले नसते. एका म्हाताऱ्या बाईने ते एका वाक्यात सांगितले. "लावणीला वाकलं की पाऊस पाठीवर पडतो गो बायो, तोंडावर नाय."

या वाक्यात वस्त्रकलेचा आख्खा धडा आहे. छत्री हे उभ्या माणसाचे साधन; ती धरायला एक हात अडकतो. लावणी करणाऱ्या बाईला दोन्ही हात मोकळे हवेत आणि ती दिवसभर कमरेत वाकलेली असते. तेव्हा ज्याने कोणी पहिले इरले विणले, त्याने आधी पाऊस कुठून पडतो ते पाहिले, मग शरीर कसे वाकते ते पाहिले, आणि मग हाताशी असलेल्या बांबूला आकार दिला. सौंदर्य त्यातून आपोआप आले. आज इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो स्वस्त आहे, हलका आहे. पण वाऱ्याने उडतो, आतून घाम धरतो. एखाद्या विद्यार्थिनीने इरल्याचे चित्र कुर्त्यावर छापले तर ती नक्कल झाली. इरल्याचा विचार घेऊन, दुचाकीवर बसलेल्या किंवा पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलीसाठी पावसाळी अंगरखा शिवला, तर तिला प्रेरणा मिळाली असे म्हणता येईल. दुचाकीवर पाऊस छातीवर येतो, दप्तर असले की पाठीवरही झाकण हवे. पुन्हा तोच प्रश्न: पाऊस कुठून येतो?

मासळीकडे वळले तरी हेच. जाळे आपण विणलेल्या दोऱ्याचे मानतो, पण कोळी-खारवी माणूस आधी त्याची भोके मोजतो. त्या भोकाला 'आस' म्हणतात. कोणता मासा धरायचा आणि कोणता पिल्लू म्हणून सोडून द्यायचा, ते आसाच्या मापावर ठरते. म्हणजे या विणकामात रिकामी जागा सर्वांत महत्त्वाची. लेस विणणारे आणि क्रोशाची नाजूक कामे करणारे जगभरचे कारागीर हेच करतात. बंदरावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या माणसाच्या बोटांकडे अर्धा तास पाहिले तर गाठ कशी बसते, ताण कुठे पडतो आणि फाटलेल्या जागी नवा दोरा जुन्यात कसा मिसळतो, हे कळते. त्या अर्ध्या तासाची फी कुणी मागत नाही.

आणि रंग? इंग्रजी रंगांची छापील यादी घेऊन दुकानात जाणाऱ्या मुलींना आपल्या आज्यांची यादी ऐकवावीशी वाटते. आमसुली, अबोली, अंजिरी, डाळिंबी, गुलबक्षी, मोरपिशी, लिंबोणी, शेवाळी, पारवा, दुधी. साडीच्या दुकानात जुन्या बायका याच नावांनी रंग मागत. यातले निम्मे रंग जयगडच्या एखाद्या परसात उभे राहून दाखवता येतात. पिकलेला रातांबा आणि सुकलेले आमसूल यांच्यामध्ये लालपासून काळपट जांभळ्यापर्यंत किती छटा येऊन जातात ते मे महिन्यात अंगणातल्या वाळवणावर दिसते. किल्ल्याच्या भिंतीवर पावसाळ्यात शेवाळे हिरवेगार असते आणि उन्हाळ्यात ते करडे होते. जांभा दगड नुकताच चिरला की तांबूस असतो आणि काही पावसाळे झेलून काळवंडतो. रंगाचे नाव वस्तूवरून पडले, की त्या नावाबरोबर वस्तूचा पोत, वास आणि ऋतूही येतो. 'पर्पल' म्हटले की यातले काहीच येत नाही.

अशा रोजच्या पाहण्यातून खरोखर काही उभे राहते का, अशी शंका पालकांच्या मनात येईल. म्हणून एक मराठी उदाहरण. कोल्हापूरच्या अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराच्या घरी १९२९ मध्ये जन्मलेली मुलगी मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकली. नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाचित्रे काढता काढता कपड्यांकडे वळली आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.' पासून चित्रपटांसाठी वेशभूषा करू लागली. याच भानू अथैया. एप्रिल १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ही कोल्हापूरची लेक.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी प्राचीन वैशालीतल्या नर्तकीचे कपडे करायचे होते. त्या काळचे कापड कुठून मिळणार? भानूताई अजिंठ्याला गेल्या. तिथल्या भित्तिचित्रांत स्त्री-पुरुषांची वस्त्रे, त्यांवरचे पट्टे आणि नक्षी, कमरेच्या गाठी, दागिने सारे रंगवलेले आहे. पण चित्रातली नर्तकी भिंतीवर एका मुद्रेत थांबलेली असते. पडद्यावर वैजयंतीमालेला नाचायचे होते. वस्त्र सुटता कामा नये, पाय अडकता कामा नये, शिवाय प्रेक्षकाला ते न शिवलेलेच वाटले पाहिजे. भिंतीवरून नक्षी उतरवणे हे त्या मानाने सोपे काम. तिथून पुढे जी कात्री चालली ती अथैयांची स्वतःची. 'गांधी'मध्ये तर कपडा हीच गोष्ट होती. लंडनचा सूट, बॅरिस्टरचा थाट, काठियावाडी अंगरखा-फेटा आणि १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत स्वीकारलेला पंचा. एका माणसाचे मन कसे बदलत गेले ते त्याच्या अंगावरून कमी होत गेलेल्या कापडातून दिसते. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या गेल्या. मुलीच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्या घरांत हे नाव एकदा तरी उच्चारले जावे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, गोव्याचे. वेंडेल रॉड्रिक्स परदेशी शिकले. पॅरिसमध्ये आपले काम दाखवताना, यात तुमचा देश कुठे दिसतो, असे त्यांना विचारले गेले, आणि त्या प्रश्नाने आपली दिशा बदलली असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. ते परत आले आणि कोलवाळच्या घरी राहून गोव्यातल्या वेशभूषेचा अभ्यास करू लागले. कुणबी बायकांची लाल चौकड्यांची, गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची साडी तेव्हा जवळजवळ नाहीशी झाली होती. चिखलात काम करणाऱ्या बाईची ही साडी आखूड का, पदर खांद्याला बांधलेला का, याची उत्तरे इरल्याच्या उत्तराहून वेगळी नाहीत. रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ती नव्याने विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर कुणबी साडी याच नावाने आणली. २०१२ मध्ये 'मोडा गोवा' हे पुस्तक लिहिले, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते निवर्तले, पण कुणबी साडी पुन्हा चर्चेत आली आणि मागावर आली.

नाव टिकवले, हे मला त्यात विशेष वाटते. इथे माझ्यातली बँकवाली जागी होते.

ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही कितीतरी बायकांना शिलाई मशीनसाठी कर्जे दिली. हप्ते फेडायला त्या मागे नव्हत्या. पण वाडीत एका वेळी चार मशिने आली की चौघीही तेच ब्लाऊज, तेच परकर शिवत. शिलाई दोन रुपयांनी कमी कोण घेते, यावर धंदा ठरे. हातात कसब होते, मशीन होते. आपले म्हणावे असे एकही डिझाईन नव्हते, कारण तुमच्या वाडीत काय आहे ते पाहा, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कर्जाच्या अर्जात यंत्राची किंमत लिहायला रकाना होता. डोळ्यांनी जमवलेल्या भांडवलाला रकाना नव्हता.

आता हे भांडवल दुसऱ्याने उचलले तर काय होते, ते पाहा. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये पुरुष मॉडेलांच्या पायांत ज्या चपला होत्या, त्या पाहून कोल्हापूरला काही वेगळे सांगावे लागले नाही. अंगठा, पट्टा, सपाट तळ, सारे ओळखीचे. कंपनीने मात्र सुरुवातीला त्यांना नुसत्या चामडी सँडल म्हटले होते. गदारोळ उठला. मग महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठवलेल्या पत्रात ही प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली.

कायद्याने काय झाले असते? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्याचे हक्कदार. पण हे मानांकन नावाचे रक्षण करते. चपलेला 'कोल्हापुरी' म्हटलेच नाही, तर नुसत्या घाटासाठी त्याचा आधार तोकडा पडतो. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण याचिका करणारे त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाने करार केला. सुमारे २,००० जोड भारतातच करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना, म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक रुपयांना एक जोड विकायचा, असे ठरले. त्यातले किती पैसे कापशीच्या किंवा अथणीच्या एखाद्या घरात पोहोचतात, हे खाते तपासल्यावरच कळेल. पण खाते उघडले गेले, हेही थोडे नाही.

या चपलेचे भांडवल किती जुने आणि किती मेहनतीचे आहे! बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायचे, एकही खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवायचे. 'कापशी' हा घाट तर गावाच्याच नावाने ओळखला जातो. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तळ झिजू नये, पाय भाजू नये याचा विचार केला. त्या माणसांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. जातीच्या उतरंडीत त्यांना खालची पायरी दिलेल्या समाजाने चपला मात्र मिरवल्या.

म्हणून प्राडाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. घरातल्या कपाटापासून सुरुवात करावी. पैठणी म्हणून घेतलेल्या साडीचा पदर उलटा करून पाहा. हातमागावर मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने, शेजारच्या धाग्यात गुंतवून विणलेला असतो, त्यामुळे उलट बाजूही जवळजवळ सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत उलट बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. स्वस्त साडी घेण्यात गैर काही नाही. प्रत्येकाचा खिसा वेगळा. पण तिला पैठणी म्हणून विकणारा येवल्याच्या विणकराच्या खात्यातून पैसे काढतो आहे. खणाचेही तसेच. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येणारा हा चोळीचा कपडा गेल्या काही वर्षांत साडी, झबले, पिशवी, कंदील अशा नाना रूपांत घरोघर आला. हे चांगलेच झाले. मात्र खणासारख्या छपाईचा कपडा 'खण' म्हणून खपू लागला, तेव्हा मागावरच्या माणसाच्या वाट्याला काय आले?

उसने घेऊच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हटले तर अजिंठ्याहून भानूताईंना रिकाम्या हाताने परतावे लागले असते, आणि मला एकही पात्र लिहिता आले नसते. बँकेला कर्ज घेणारा नकोसा नसतो. तिला कर्ज नाकबूल करणारा नकोसा असतो. घेतलेल्या पैशात ज्याने आपली मेहनत घालून काही वाढवले आणि मूळ रक्कम ज्याच्या त्याच्या नावावर लावली, तो चांगला खातेदार. डिझाईनलाही हीच फूटपट्टी लावून पाहावी. वस्तू असावी तशी उचलली असेल तर ती उचलेगिरी. तिचे कारण समजून घेऊन, आजच्या गरजेसाठी तिच्यात भर घालून, करणाऱ्याचे नाव आणि दाम दिले असतील, तर ती प्रेरणा.

तेव्हा आईवडिलांनो, मुलगी फॅशन डिझाईनला जाते म्हणाली तर फीच्या आकड्याआधी तिला एक साधी वही आणून द्या. प्रत्येक पानावर चार रकाने आखायला सांगा. काय पाहिले? ते असेच का आहे? ते कुणी केले, त्या माणसाचे नाव काय? आणि मी त्यात काय बदलले? दर रविवारी एक पान पुरे. एखाद्या रविवारी बंदरावरचे जाळे, एखाद्या रविवारी आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, एखाद्या रविवारी किल्ल्याच्या बुरुजाची वळणदार कड. पहिल्या दोन रकान्यांनी नजर तयार होते, चौथ्याने हात तयार होतो. तिसरा रकाना मुले हमखास रिकामा सोडतात. तो भरून घ्यायचे काम मात्र तुमचे. त्यासाठी मुलीला बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याशी, परड्यात काम करणाऱ्या बाईशी, चांभाराशी, शिंप्याशी बोलावे लागेल. वर्षाभरात ती पन्नास पाने भरील, आणि पन्नास माणसे तिच्या ओळखीची होतील. पुढे ती डिझायनर झाली नाही, शिक्षिका झाली किंवा बँकेत लागली, तरी ही ठेव बुडणारी नाही.

घाई मात्र करायला हवी. इरले विणता येणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि ती म्हातारी झाली आहेत. हे ज्ञान त्यांनी कागदावर उतरवलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. दर पावसाळ्याला या खात्यातली शिल्लक कमी होते आहे. वही घेऊन जायचे, तर याच वर्षी लावणीच्या आधी गेलेले बरे.